क्रॉसच्या जागी डॉलर

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आयन रँड एकदा तरी चावतेच. मलाही चावली होती. ‘ॲटलस श्रग्ड’मधलं जॉन गाल्टचं लांबलचक भाषण मी एका बैठकीत वाचलंय (सबमिशनच्या आदल्या रात्री, अर्थात). या कादंबरीला सगळ्यात जिव्हारी लागणारा फटका उजव्यांच्याच मासिकानं मारला होता, हे फार उशिरा कळलं.

डिसेंबर १९५७. मासिक ‘नॅशनल रिव्ह्यू’, संपादक विल्यम बकली, कट्टर कॅथलिक. परीक्षण लिहिणारा व्हिटेकर चेंबर्स: एकेकाळचा कम्युनिस्ट हेर, नंतर पक्ष सोडून ख्रिस्ताकडे आलेला. सरकारी हस्तक्षेपाचा राग त्याला होता, रँडलाही होता. मग बिनसलं कुठे?

चेंबर्सच्या मते रँड आणि मार्क्स एकाच घरचे, कारण दोघांनीही देवाला हाकलून माणसाला त्याच्या जागी बसवलं. कादंबरीच्या शेवटी गाल्ट हवेत डॉलरचं चिन्ह काढतो. चेंबर्सला तिथे क्रॉसची रिकामी जागा दिसते. रँडचा आवाज त्याला थेट गॅस चेंबरपर्यंत नेणारा वाटतो, तो मात्र अतिरेक आहे. रँड बळजबरीच्या विरोधातच लिहीत होती, आणि तिला हिटलरच्या रांगेत बसवणं म्हणजे परीक्षण नव्हे, चिडचिड.

पण त्याचं एक निरीक्षण माझ्या डोक्यातून जात नाही. या कादंबरीच्या नायक-नायिकांना मुलं होत नाहीत. हजारावर पानं, आणि कोणालाही रात्री उठून दूध गरम करावं लागत नाही! मी सॉफ्टवेअरमधला माणूस. ज्या इनपुटवर प्रोग्रॅम कोसळतो तेच टेस्टमधून वगळलं, तर प्रोग्रॅम पास होणारच. मूल, म्हातारं, आजारी माणूस हे ते इनपुट. ख्रिस्ती श्रद्धेची तर सुरुवातच तिथून होते.

फ्रँक मेयरनं पुढे जोडणी करून पाहिली: सद्गुण हे ध्येय, पण सक्तीनं आलेला सद्गुण खोटा, म्हणून स्वातंत्र्य हवं. बकलीचा मेव्हणा ब्रेंट बोझेल १९६२ साली त्याच मासिकात यावर तुटून पडला. मला मेयरचं पटतं, पण अर्धंच. तो सरकारची सक्ती मोजतो, उपाशी पोटाची नाही.

राजकारण्यांना एवढं बारकाव्यात जायचं नसतं. काँग्रेसमन पॉल रायननं २००५ साली आपण सार्वजनिक जीवनात येण्याचं श्रेय रँडला दिलं. २०१२ साली, उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळण्याच्या काही महिने आधी, तो म्हणाला की तिचं निरीश्वरवादी तत्त्वज्ञान आपल्याला अमान्य आहे, आपला माणूस थॉमस अक्वायनस. हे त्यानं सांगितलं ‘नॅशनल रिव्ह्यू’लाच.