न कापलेले दोर

संगणकावरच्या खेळांचे परीक्षण दिवाळी अंकात यावे काय, असे काही वाचकांच्या मनात येईल. ज्या घरात हा अंक चकल्यांच्या डब्याशेजारी पडलेला असेल, त्याच घरातल्या आतल्या खोलीत एखादा मुलगा, एखादी मुलगी, किंवा चाळिशी उलटलेला काका अशाच एखाद्या खेळात रमलेला असेल. वडीलधारी मंडळी त्यावर दोनच गोष्टी बोलतात: डोळे जातील, नाहीतर अभ्यास बुडेल. दोन्ही काळज्या रास्त आहेत. शिक्षक असल्याने मला त्या आठवड्यातून चारदा ऐकाव्या लागतात. पण त्या खेळात आहे तरी काय, तो चांगला की वाईट, आणि चांगला असेल तर कोणत्या गुणाने, हे कोणी विचारीत नाही. एके काळी कादंबऱ्यांविषयीही घरोघर असेच बोलले जाई. कादंबऱ्या लिहिणे हा माझा दुसरा उद्योग. तेव्हा या खेळांची बाजू कोणीतरी ऐकून घ्यावी असे मला वाटते. आणि ऐकून घेतल्यावर त्यांचे माप त्यांच्या पदरात घालावे, असेही वाटते.

मी लिहिणार आहे ते सगळ्याच खेळांविषयी नव्हे. ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे ज्यांत आपण एक सोंग घेतो आणि त्या सोंगाच्या पायांनी एका कल्पित मुलखातून हिंडतो, त्या जातीविषयी. त्यांतही ज्यांत आपण एकटे नसतो, बरोबर तीन-चार सोबती असतात, त्यांच्याविषयी. इंग्रजीत या सोबत्यांच्या जमावाला 'पार्टी' म्हणतात. आमच्या ओतुरात पार्टी म्हटले की जेवण तरी आठवते नाहीतर निवडणूक, म्हणून मी 'टोळी' म्हणेन.

टोळीचे डावपेच म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात फार समजावून सांगावे लागू नये. आमच्या जुन्नर भागात रात्री उसाला पाणी द्यायला माणसे एकटीदुकटी जात नाहीत. बिबट्याचे भय असते. बॅटरी कोणाच्या हातात, काठी घेऊन मागे कोण, पोरगेलासा असेल त्याला मध्ये कोणी घ्यायचे, हे बांधावर पाय ठेवण्यापूर्वी ठरलेले असते. या खेळांचा अर्धा जीव एवढ्यातच आहे. बाकीचा अर्धा सोबती कोण आहेत यात आहे. आणि माझे म्हणणे या दोन अर्ध्यांच्या सांध्याविषयी आहे.

या जातीचे मूळ संगणकात नाही. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद, पेन्सिल आणि फासे यांचा खेळ काढला. मेजाभोवती पाच-सहा जणांनी बसायचे, एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. तेथे टोळीतला प्रत्येक गडी हाडामांसाचा होता; रुसून उठून जाऊ शकत होता. संगणक आला आणि सहाही सोंगे एकट्याच्या हाती आली. १९८१ सालचा 'विझर्ड्री' हा त्यांतला फार गाजलेला खेळ. सहा जणांची टोळी, पुढच्या तिघांनी हत्यार चालवायचे, मागच्या तिघांनी मंत्र. कोणी मेला तर देवळात नेऊन पैसे मोजून उठवायचा. तो प्रयत्न फसला तर त्याची राख होई, आणि राखेवरचाही प्रयत्न फसला तर तो कायमचा गेला. पात्रे कागदी होती, ना बोलत ना हसत. पण ती जाऊ शकत होती. जपानमध्ये १९८७ साली 'फायनल फँटसी' आला. त्यात सहा पेशांतून चौघे निवडायचे. टोळीत कोणाला घ्यावे यावर पोरांनी शाळेच्या पायरीवर भांडावे, असे विषय तेव्हापासून जगभर निर्माण झाले.

पण सोबत्याला स्वभाव आला तो खऱ्या अर्थाने १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये, असे माझे मत आहे. कॅनडातल्या बायोवेअर या मंडळींनी तो केला. त्यात खालिद आणि जहीरा हे नवराबायको भेटतात. नवरा अडखळत बोलणारा, बायको करड्या आवाजाची. एकाला टोळीतून काढले की दुसराही चालता होतो. मिन्स्क नावाचा एक आडदांड वीर भेटतो. त्याच्याजवळ बू नावाचा चिमुकला हॅमस्टर, आणि एकच मागणे: आपल्या मैत्रिणीला राक्षसांच्या गढीतून सोडवा. त्यात फार दिरंगाई केली तर हा भोळा माणूस उलटतो. सज्जन आणि दुर्जन एकाच टोळीत कोंबले तर ते आपसांत हाणामारी करतात. म्हणजे डावपेचांचे गणित मांडताना स्वभाव हा त्यातला एक आकडा झाला. मंत्राच्या बळासाठी दुष्ट मांत्रिक ठेवावा, तर सज्जनांशी त्याचे पटेल काय? ही कादंबरीकाराची अडचण आहे, आणि ती खेळणाऱ्याला सोडवावी लागते.

खेळणारेही काही साधे नाहीत. जोडप्यातली एकटी जहीरा हवी असेल तर खालिदला लढाईत एकट्याला पुढे धाडून मरू द्यावे, असा सल्ला ते एकमेकांना सर्रास देतात. तो वाचून मला प्रथम हसू आले, आणि मग जरा वेळाने आले नाही.

आता ज्या खेळामुळे हे सगळे पुन्हा चर्चेत आले त्याकडे वळतो. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजने 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भाग ऑगस्ट २०२३ मध्ये आणला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. घरात लहान मुले असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: हा खेळ प्रौढांसाठी आहे, त्यातले रक्त आणि शृंगार दोन्ही प्रौढांसाठीच आहेत. कथेची कल्पना अशी, की आपल्या आणि सोबत्यांच्या डोक्यात एकेक अळी सोडलेली आहे आणि तिच्यामुळे आपले केव्हाही राक्षसात रूपांतर होईल. एकच दुखणे असलेली माणसे एकत्र आली, एवढेच त्यांचे नाते. शॅडोहार्ट ही अंधाराच्या देवीची उपासिका, लेझेल ही लष्करी शिस्तीत वाढलेली परकी योद्धी, गेल हा आत्मप्रौढीने भरलेला मांत्रिक, ॲस्टेरियन हा रक्तपिपासू चोर, विल हा सौदा करून बसलेला सरदारपुत्र, आणि कार्लाक, जिच्या छातीत हृदयाच्या जागी धगधगते यंत्र आहे.

लढाई पाळीपाळीने होते. जुन्या 'बाल्डर्स गेट'मध्ये ती सलग चाले आणि आपण हवे तेव्हा थांबवून हुकूम देत असू. त्या गोंधळातच मजा आहे असे म्हणणारा एक पक्ष आजही आहे. मी त्या पक्षात नाही. पाळीमुळे बुद्धिबळासारखी उसंत मिळते, आणि उसंत मिळाली की निवड ही निवड वाटते. येथे उंचावरून नेम धरला तर वीस पैलूंच्या फाशात दोनाची भर पडते, खालून वर मारताना दोन वजा होतात. सांडलेल्या चरबीवर ठिणगी टाकली की आगीचा भडका उडतो; पाण्यात उभ्या शत्रूवर वीज सोडली की पाणीच शत्रू होते. पण या करामतींपेक्षा मला एक लहानशी गोष्ट फार आवडते. शॅडोहार्टजवळ आशीर्वादाचा मंत्र असतो. ज्यांना तो मिळतो त्यांचे वार जास्त लागतात. सुरुवातीच्या पातळीवर तो तिघांनाच देता येतो, आणि टोळीत असतात चार. एक जण वगळायचा. शिवाय तिला जखम झाली तर तिचे चित्त ढळून तिघांचाही आशीर्वाद जाण्याची भीती, म्हणून तिला मागे ठेवायचे. आणि मागे ठेवले तर पुढे पडलेल्या कार्लाकला हात देऊन उठवणार कोण? पडलेला सोबती पाळीगणिक फासा टाकतो. तीनदा दान उलटे पडले की संपला. त्याला उठवायला जावे तर शत्रूवर वार करण्याची आपली पाळी जाते. अशा वेळी संवादाचे एकही वाक्य नसते, तरी कोण कोणासाठी काय सोडतो आहे हे पडद्यावर स्पष्ट दिसते. चांगल्या कादंबरीतही मला हेच हवे असते.

टोळीला चौघांचीच मर्यादा आहे, तीही मला गुणच वाटते. प्रतापगडच्या भेटीला प्रत्येकी दहा अंगरक्षक ठरले होते. त्या दहांत जिवा महालाला घ्यायचे हा निर्णय आधी झाला, म्हणून 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण पुढे जन्माला आली. संख्या तोकडी असली की प्रत्येक निवडीला अर्थ येतो.

मग बिघडते कोठे? तळावर बिघडते. या खेळात विदर्स नावाचा एक सांगाडा तळावर येऊन राहतो. दोनशे मोहरा दिल्या की तो मेलेल्या सोबत्याला उठवतो. शंभर मोहरा दिल्या की सोबत्याचा पेशाच बदलून देतो: उपासिका शॅडोहार्ट उद्या नुसती तलवारबाज होते, आणि कथेत मात्र पूर्वीसारखीच आपल्या देवीविषयी बोलत राहते. आणखी शंभरांत तो भाडोत्री गडी पुरवतो, ज्याला ना घर ना गोष्ट. लढाईत तो सोबत्याइतकाच उपयोगी. जे तळावर बसून राहतात त्यांचा अनुभवही लढणाऱ्यांबरोबरच वाढतो; वर्गात न येता वरच्या वर्गात गेलेली मुले मी पाहिली आहेत, त्यांची आठवण होते. लढाईने जे नाते घट्ट केले ते तळावरच्या या दुकानात सुटे पैसे होऊन परत मिळते.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'सेव्ह'. लढाईच्या तोंडाशी नोंद करून ठेवावी, डाव फसला की पुन्हा तेथून उठावे. वगळलेला चौथा मेला? मागे जा, या खेपेला त्याला आशीर्वाद द्या. फासा उलटा पडला? पुन्हा टाका. कोंढाण्याची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. १६७० साली तानाजी पडल्यावर मावळे माघारी वळले, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापल्याचे सांगितले आणि त्यांना गडाकडे तोंड फिरवावे लागले. 'सेव्ह' हा कड्यावर लोंबत ठेवलेला दोर आहे. तो हाताशी असेपर्यंत कितीही सुंदर डाव रचला तरी तो तालमीतला डाव असतो.

येथे न्यायाने एक गोष्ट मांडली पाहिजे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस लॅरियनने 'ऑनर मोड' नावाचा मार्ग जोडला. त्यात नोंद एकच राहते, मागे जाता येत नाही, आणि सगळी टोळी पडली की मानाचा डाव तेथेच संपतो. विदर्सचे दुकान मात्र तेथेही चालू असते. तरी दोन्हीकडे खेळलेला माणूस फरक सांगेल. एरवी आपण ॲस्टेरियनला बेधडक पुढे पाठवतो. येथे दार उघडण्यापूर्वी त्याचा हात थबकतो, म्हणजे आपलाच थबकतो. निर्वासितांच्या वस्तीवर हल्ला करणाऱ्यांची बाजू घेतली तर विल आणि कार्लाक टोळी सोडून जातात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. पण ती जिव्हारी लागते ती येथेच.

माझ्या ओळखीचे काही तरुण यावर म्हणतात की खेळ हा खेळ आहे, हरण्याची सक्ती कशाला. दिवसभर कांद्याच्या वखारीत राबून आलेल्याला दोन तास मिळतात, ते पुन्हा पहिल्यापासून चढण्यात घालवायचे काय? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोर कोणाच्याही हातून हिसकावून घ्यावा असे मी म्हणत नाही. माझी तक्रार रचणाऱ्यांकडे आहे. ज्या सोबत्याला दोनशे मोहरांत मरणही नाही, त्याच्या दुःखाची भाषणे मी किती ऐकावीत?

हीच पोरे संध्याकाळी एस.टी. स्टँडवर चौघे मिळून मोबाइलवर 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' खेळतात. त्यात कथा औषधालासुद्धा नाही. पण "तू मागे थांब" म्हटलेला गडी लुटीच्या मागे पळतो, दुसरा पडतो, आणि मग तिठ्यापर्यंत ऐकू येईल असा वाद होतो. टोळीचे सगळे नाट्य तेथे जिवंत आहे, कारण सोबत्याला स्वतःचे डोके आहे.

आपल्याकडच्या खेळांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली केलेला 'राजी' मी कौतुकाने पाहिला. डोंबारी खेळ करणारी मुलगी पळवून नेलेल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात राक्षसांशी लढते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. दृश्ये फार देखणी आहेत. पण ती एकटीच लढते. ज्या मुलखाचे सगळे मोठे पराक्रम टोळीने केलेले आहेत, तेथे एक तरी टोळीचा खेळ यावा, आणि त्यात कड्यावरचा दोर कापणारा कोणी असावा, अशी माझी इच्छा आहे. पुण्याला ते अवघड नाही.

तोवर ज्यांना हा प्रकार कमी खर्चात चाखून पाहावयाचा आहे त्यांनी १९९८ च्या जुन्या 'बाल्डर्स गेट'ची २०१२ ची सुधारलेली आवृत्ती घ्यावी. ती मोबाइलवरही चालते. अक्षरे बारीक आहेत, चष्मा जवळ ठेवावा. खालिदला बायकोशेजारी उभा करावा, आणि मिन्स्क भेटला की त्याचे काम आधी करावे.