डेल्फ्टचे दृश्य
डेल्फ्टचे दृश्य : डच चित्रकार यान व्हर्मेर (१६३२–७५) याचे प्रसिद्ध नगरदृश्य. कॅनव्हासवरील हे तैलचित्र (सु. १६६०–६१) हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. डेल्फ्ट हे व्हर्मेरचे जन्मगाव. त्याच्या दक्षिणेकडील बंदराच्या पाण्यापलीकडे दिसणारे तट, वेशी, छपरे व मनोरे यांचे हे चित्रण होय. चित्राचा निम्म्याहून अधिक भाग आकाशाने व्यापला आहे.

नगरदृश्यात दूरत्वाचा आभास सामान्यतः रंग उत्तरोत्तर फिके व आकार धूसर करून साधतात. येथे व्हर्मेरने वेगळा मार्ग पत्करला. पुढील तट व वेशी त्याने ढगांच्या सावलीत ठेवल्या आणि ऊन पाडले ते त्यांच्यामागील छपरांवर व नव्या चर्चच्या मनोऱ्यावर. परिणामी दृष्टी काळसर तट ओलांडून आपोआप शहरात शिरते. डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज (मृ. १५८४) याची समाधी या चर्चमध्ये असल्याने काही समीक्षक त्या प्रकाशात राष्ट्रीय आशय पाहतात. तो मान्य केला नाही, तरी रचनेच्या दृष्टीने प्रकाश तेथेच हवा होता.

मनोऱ्यात घंटा दिसत नाहीत. त्या काळी तेथे नव्या घंटा बसविण्याचे काम चालू होते व चित्राचा काळ ठरविताना हा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. अशा तपशिलांमुळे, तसेच उजवीकडील नौकांवरील ठिपक्यांसारख्या प्रकाशबिंदूंमुळे, व्हर्मेरने कॅमेरा ऑब्स्क्यूरा (अंधारपेटी) वापरला असावा, असे मत मांडले गेले. ते असंभाव्य नाही. पण त्यावरून हे चित्र म्हणजे दृश्याची नक्कल ठरत नाही. तांत्रिक तपासणीत आढळले, की रॉटरडॅम वेशीच्या जोडमनोऱ्यांची प्रतिबिंबे प्रथम वास्तूच्या आकाराबरहुकूम होती. नंतर ती चित्राच्या खालच्या कडेपर्यंत लांबविण्यात आली. प्रत्यक्षात ती इतकी लांब दिसणे शक्य नव्हते. मात्र त्यांच्यामुळेच पलीकडचे शहर अलीकडच्या काठाशी सांधले जाते आणि मधले पाणी रिकामे वाटत नाही. अग्रभागी उजवीकडे रंगविलेली एक पुरुषाकृतीही त्याने पुढे पुसून टाकली. काठावरील शांतता त्यामुळे वाढली. छपरांवरील रंगाचा खरखरीत थरही असाच हेतुपूर्वक दिलेला आहे.

ॲम्स्टरडॅममधील १६९६ च्या लिलावात या चित्रास २०० गिल्डर मिळाले. तेथे विकल्या गेलेल्या व्हर्मेरच्या चित्रांत ही किंमत सर्वाधिक होती. १८२२ मध्ये ते डच राज्याने २,९०० गिल्डरना विकत घेतले. मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतील बर्गोत हा लेखक या चित्रातील पिवळ्या भिंतीचा लहानसा तुकडा न्याहाळत असतानाच मरण पावतो. तो तुकडा नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.