मनोधैर्य आणि द्रव्य

शासकीय योजनेची चिकित्सा तिच्या नावापासून आरंभावी हे काहींना वावगे वाटेल. परंतु महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०१३ पासून अमलात आणलेल्या ‘मनोधैर्य’ योजनेच्या बाबतीत नाव हीच खरी कसोटी होय. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला यांस बळी पडलेल्यांना अर्थसाहाय्य देणे व त्यांचे पुनर्वसन करणे हा तिचा हेतू. नाव द्रव्याचे नाही, मनाचे आहे. तरतूदही मनाची आहे काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

मूळ योजनेत समुपदेशन, निवारा, वैद्यकीय व कायदेविषयक मदत, व्यवसायशिक्षण यांचा उल्लेख आहे. तेव्हा योजनाकारांची दृष्टी संकुचित होती असे म्हणता येणार नाही. परंतु तिच्या इतिहासात जो आकडा ठळकपणे बदललेला दिसतो तो रकमेचा. प्रारंभीची तीन लाखांची कमाल मर्यादा २०१७ मध्ये दहा लाखांवर गेली. सोबत करणाऱ्या माणसांचा आकडा मात्र शोधावा लागतो. शिवाय या साहाय्याचा मार्ग पोलिसांकडील प्रथम खबरीतून जातो. जिला तक्रार करण्याचेच धैर्य झाले नाही, ती मनोधैर्याच्या कक्षेबाहेर राहते.

ही उणीव नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या नकाशावर ठेवून पाहावी. निर्भया निधीतून २०१५ पासून उभी राहिलेली ‘सखी’ केंद्रे उपचार, समुपदेशन, पोलीस व कायदा यांची मदत एका छताखाली आणतात, आणि तेथे येण्यास आधी तक्रार केलेली असावी लागत नाही. हा विचार निःसंशय पुढचा आहे. परंतु केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेथील निवारा साधारणतः पाच दिवसांचा. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, लातुरात दहा. किनवटहून नांदेडला शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते. रोजंदारी बुडवून, घरी कारण सांगून, एसटीने हा प्रवास एकदा होईल. महिनोन् महिने होणार नाही. आणि मन सावरते ते महिनोन् महिन्यांनीच.

पुनर्वसन म्हणजे काय, हे लातूरला निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांसाठी निधी आला. पण गावकरी व शासन यांच्यामध्ये दुवा म्हणून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. द्रव्यास माणसाची जोड लागते, हा त्या अनुभवाचा धडा.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. भूकंपाचे दुःख गावाने एकत्र भोगले. हे दुःख गावापासूनच लपविले जाते. गावातली सहायिका येथे आधार होईल, तशी कुजबुजीचे निमित्तही होईल. या आक्षेपाचे उत्तर मुंबईत सापडते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका व ‘सेहत’ संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र काढले, ते रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून. पुढे पालिकेने ते आपल्या आरोग्यव्यवस्थेत सामावून घेतले. दवाखान्यात जाणाऱ्या बाईला कोणी कारण विचारीत नाही. आणि समुपदेशकाचे वेतन रुग्णालयाच्या नेहमीच्या खर्चात आले, की ते एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीवर अवलंबून राहत नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, अर्थसाहाय्य कमी करावे असे नव्हे; ते त्या स्त्रीचे हक्काचे आहे. परंतु त्याच्या जोडीस किनवट, देगलूर, उदगीर, निलंगा येथील सरकारी रुग्णालयांत प्रशिक्षित समुपदेशकाचे कायम पद निर्माण करणे हा निधीचा दुसरा आणि तितकाच आवश्यक विनियोग आहे. रक्कम एकदा मिळते. धैर्य पुन्हा पुन्हा मिळवावे लागते, आणि त्यासाठी दार उघडे ठेवणारे कोणी तरी जवळ असावे लागते. अंदाजपत्रकात त्या व्यक्तीचे वेतन जोवर दिसत नाही, तोवर योजनेचे नाव तिच्या तरतुदीहून मोठेच राहील.