हास्य, क्रोध आणि विषाद : इंग्रजी साहित्यातील 'स्प्लीन' या शब्दाचा अर्थविचार

प्रस्तावना :

इंग्रजीतील 'स्प्लीन' हा शब्द मुळात एका अवयवाचे नाव आहे. पोटाच्या डाव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असलेल्या या अवयवास संस्कृतात प्लीहा व मराठीत पाणथरी म्हणतात. ग्रीक 'स्प्लेन', लॅटिन 'लिएन' आणि संस्कृत 'प्लीहन्' हे शब्द एकाच कुळातील मानले जातात. तथापि साहित्यात या शब्दाने जो प्रवास केला, तो शरीरशास्त्राच्या कक्षेत मावणारा नाही.

पदवीच्या वर्गात शेक्सपिअरचे 'ट्वेल्फ्थ नाइट' शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेस विचारले, "मॅडम, मारिया सगळ्यांना पोट धरून हसायला बोलावते आहे, मग तिथे 'स्प्लीन' कशाला? गाइडमध्ये तर त्याचा अर्थ राग दिला आहे." प्रश्न रास्त होता. त्याचे पूर्ण उत्तर त्या तासाला देता आले नाही, ही कबुली येथे देणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एका अवयवात दोन विरोधी भाव :

प्राचीन ग्रीक वैद्यकानुसार शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार द्रव असतात. गेलनच्या मते प्लीहा रक्तातील काळे पित्त शोषून घेते. ती आपले काम नीट करीत असेल तर मन प्रसन्न राहते. तिच्यात अडथळा आला की काळे पित्त साचते आणि माणूस खिन्न किंवा संतापी होतो. प्लीहा काढून टाकल्यास माणसाचे हसू नाहीसे होते अशी काहींची समजूत असल्याची नोंद रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. म्हणजे हास्याचे व विषादाचे घर एकच होते.

शेक्सपिअरने या शब्दाचे दोन्ही पदर वापरले आहेत. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये व 'मेझर फॉर मेझर'मध्ये तो हास्याशी जोडलेला आहे. 'ज्यूलियस सीझर'मध्ये कॅशिअसला ब्रूटस ज्या विषाबद्दल सुनावतो, ते याच अवयवातील क्रोधाचे विष आहे. 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात हॉटस्परची पत्नी नवऱ्याच्या चंचल, उतावीळ वृत्तीसाठी हाच शब्द योजते. तेव्हा मारिया राग मागत नाही, ती हसण्याची उबळ मागते. आजचा शब्दकोश तेथे लावला की संहिता वाचताच येत नाही.

दुःख कोणाचे, ढोंग कोणाचे :

अठराव्या शतकाच्या प्रारंभी हास्याचा अर्थ मागे पडत गेला आणि 'स्प्लीन' हे एका मनोविकाराचे नाव झाले. ॲन फिंच हिची 'द स्प्लीन' ही कविता 1701 मध्ये प्रसिद्ध झाली. कवयित्री स्वतः या व्याधीने ग्रस्त होती. तिच्या कवितेचे बळ असे की, ती खरा विकार आणि त्याचे सोंग यांत भेद करते. घरी पत्नीवर वैताग काढून मित्रांपुढे मात्र हसतमुखाने जाणारा नवरा या आजाराचे निमित्त कसे पुढे करतो, हे ती नेमके दाखविते. सोंग करणाऱ्या स्त्रियांनाही ती सोडीत नाही. परंतु स्वतःची व्यथा, स्वतःच्या काव्यलेखनाची होणारी हेटाळणी आणि वैद्यकाची हतबलता ती तितक्याच गांभीर्याने मांडते.

याउलट अलेक्झांडर पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक' या काव्याच्या 1714 च्या विस्तारित आवृत्तीत स्प्लीनची गुहा येते. अंब्रिएल हा भूगर्भातील पिशाच्चसदृश जीव तेथे उतरतो. देवीच्या शय्येशेजारी वेदना व अर्धशिशी उभ्या आहेत, सेवेत दुष्टपणा व नखरेलपणा आहेत. देवी त्याला उसासे, हुंदके व भांडणे भरलेली पिशवी आणि अश्रूंची कुपी देते. कल्पनाशक्तीच्या दृष्टीने हा प्रसंग अजोड आहे, हे मान्य करावेच लागते. मात्र येथे ही देवी तरुण वयापासून पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांवरच राज्य करते. फिंचने पुरुषांच्या सोंगावर ठेवलेले बोट पोपच्या गुहेत दिसत नाही. बेलिंडाचा संताप रास्त असण्याची शक्यताच त्यामुळे धूसर होते.

स्विफ्टने 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (1726) हा विकार याहूंना जडविला व सक्तीचे कष्ट हा त्यावर उपाय सांगितला. हा आळशी, विलासी व श्रीमंतांचा रोग आहे, असे गलिव्हर मनाशी म्हणतो. येथे व्यंगाचा रोख लिंगाकडून वर्गाकडे वळतो. जॉर्ज चेनी या वैद्याने 1733 मध्ये अशा विकारांना 'इंग्लिश मॅलडी' असे राष्ट्रीय नाव दिले. पुढे बोदलेअरने हा इंग्रजी शब्द फ्रेंच काव्यात नेऊन आधुनिक नगरजीवनातील उबगास रूप दिले. इंग्रजीत मात्र आज तो मुख्यतः मनातील राग ओकून टाकण्याच्या वाक्प्रचारात उरला आहे.

मराठी वाचकाची अडचण :

आयुर्वेदात यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूळस्थाने मानली आहेत. प्लीहेचा संबंध तेथे रक्ताशी आहे. मराठीत पाणथरी वाढते ती हिवतापाने, दुःखाने नव्हे. आपल्याकडे संतापाने पित्त खवळते, भीतीने काळजाचे पाणी होते आणि हसून मुरकुंडी वळते. म्हणून 'स्प्लीन'ला एकच प्रतिशब्द देणे शक्य नाही. ब्रूटसच्या तोंडी पित्त शोभेल, मारियासाठी मुरकुंडी चालेल, फिंचसाठी विषण्णता हा शब्द घ्यावा लागेल. पण असे करताना हे सर्व भाव एकाच अवयवात नांदत होते, ही मूळ कल्पना हरवते. ती टीपेत किंवा अध्यापनात सांगणे हे अनुवादकाचे व शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष :

'स्प्लीन' या शब्दाचा अर्थ हास्य, क्रोध व विषाद यांतून फिरत गेला. या फेऱ्यात कोणाचे दुःख आजार मानायचे आणि कोणाचे नखरा, हेही ठरत गेले. फिंच व पोप यांच्या कविता शेजारी ठेवून वाचल्यास हे स्पष्ट होते. अभ्यासक्रमात पोपचे काव्य असते तेथे फिंचची कविताही जोडीने वाचली जावी, असे सुचवावेसे वाटते. अवयव तोच राहतो. त्यात काय साठले आहे, हे मात्र त्या त्या काळाचा समाज ठरवितो.