प्रतियंत्र खेळसंख्या : कन्सोलधारकांच्या खरेदीप्रेरणेची एक चिकित्सा

बीजशब्द : गेम कन्सोल, खरेदीप्रेरणा, अ‍ॅटॅच रेट, निन्टेन्डो, ग्राहकविश्वास

प्रस्तावना :

गेम कन्सोल कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातही, विकावा आणि खरी कमाई खेळांच्या विक्रीतून करावी, ही रीत व्हिडिओ गेमच्या व्यवसायात दीर्घकाळ रूढ आहे. दाढीचे यंत्र स्वस्त आणि पाती महाग, या जुन्या व्यापारी युक्तीशी तिची तुलना केली जाते. साहजिकच एकदा यंत्र घेतलेला ग्राहक पुढे किती खेळ घेतो, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. त्याचे उत्तर 'अ‍ॅटॅच रेट' या गुणोत्तरातून शोधले जाते. विकल्या गेलेल्या खेळांच्या संख्येस विकल्या गेलेल्या यंत्रांच्या संख्येने भागले की ते मिळते. प्रस्तुत लेखात त्यास 'प्रतियंत्र खेळसंख्या' असे म्हटले आहे. ही संख्या जास्त असल्यास ग्राहक समाधानी व निष्ठावान, कमी असल्यास उदासीन, असा अर्थ सर्रास लावला जातो. हा अर्थ कितपत टिकतो, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन यंत्रे, दोन आकडे :

निन्टेन्डो या जपानी कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेली आकडेवारी येथे उपयुक्त ठरते. २००१ साली आलेला तिचा गेमक्यूब हा कन्सोल व्यापारी दृष्ट्या मागे पडला. त्याची एकूण विक्री सुमारे २.१७ कोटी झाली. २००६ साली आलेल्या वी या कन्सोलची विक्री मात्र १०.१६ कोटींवर गेली. तथापि गेमक्यूबसाठी सुमारे २०.८६ कोटी, तर वीसाठी सुमारे ९२.१९ कोटी खेळ विकले गेले. म्हणजे प्रतियंत्र खेळसंख्या अनुक्रमे ९.६ व ९.१ येते. जवळजवळ पाचपट खपलेल्या यंत्राचा धारक सरासरीने किंचित कमीच खेळ घेत होता.

यातही एक मेख आहे. वी स्पोर्ट्स हा खेळ जपान व दक्षिण कोरिया वगळता यंत्रासोबतच दिला जात असे. त्याच्या ८.२९ कोटी प्रती खेळांच्या विक्रीतून वजा केल्यास वीची प्रतियंत्र खेळसंख्या ८.३ च्या आसपास येते. जपानमध्ये तो खेळ स्वतंत्रपणे विकला गेल्याने खरा आकडा याहून थोडा अधिक असणार. तरीही जो खेळ ग्राहकाने निवडलाच नाही, तोही त्याच्या 'खरेदी'त मोजला जाऊ शकतो, एवढे यावरून स्पष्ट होते.

समाधान आणि उदासीनता यांतील गल्लत :

या फरकाचा अर्थ कसा लावावा? गेमक्यूब घेणारे संख्येने थोडे, पण बहुतांशी मुळातच खेळांचे शौकीन होते, असे मानण्यास जागा आहे. वी मात्र पूर्वी कधीही कन्सोल न घेतलेल्या घरांतही पोहोचला. हातातील नियंत्रक रॅकेटसारखा फिरवून आजी-आजोबा नातवंडांसोबत टेनिस खेळू लागले. अशा घराला वी स्पोर्ट्स हा एकच खेळ वर्षानुवर्षे पुरला असेल, तर तो ग्राहक असमाधानी म्हणावा काय? प्रतियंत्र खेळसंख्येच्या लेखी तो कमकुवत ग्राहक ठरतो. दोन निकृष्ट खेळ घेऊन कंटाळलेला आणि एकाच खेळात रमलेला, या दोघांत ही संख्या भेद करू शकत नाही. हा तिचा मूलभूत दोष होय.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला आल्या. त्यांच्या कार्ट्रिजला आपण 'कॅसेट' म्हणत असू. एकाच कॅसेटमध्ये अनेक खेळ असत आणि कॅसेटींची गल्लीभर अदलाबदल चाले. खेळण्याची ओढ उदंड, खरेदी मात्र अत्यल्प. अधिकृत विक्रीच्या आकड्यांत या ओढीची नोंद कोठेही नाही.

विश्वास हीच प्रेरणा :

मग कन्सोलधारक पुढचा खेळ का घेतो? १९८३ साली अमेरिकेत आलेली मंदी या संदर्भात बोलकी आहे. १९७७ साली आलेला अटारीचा कन्सोल लाखो घरांत होता. परंतु बाजारात सुमार खेळांचा पूर आला. 'ई.टी.' या चित्रपटावरील खेळ सुमारे पाच आठवड्यांत तयार करून १९८२ च्या अखेरीस विक्रीस आणला गेला. न खपलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आला. २०१४ साली केलेल्या उत्खननात त्या कार्ट्रिज सापडल्या. यंत्र घरात होते, खेळही मुबलक होते; मात्र पुढचा खेळ पैसे वसूल करील हा भरवसा उरला नव्हता.

१९८५ साली अमेरिकेत उतरताना निन्टेन्डोने हाच धडा गिरवला. अनधिकृत कार्ट्रिज चालू नये म्हणून यंत्रात कुलूपवजा चिप बसवली, तसेच परवानाधारक कंपन्यांवर वर्षाला पाच खेळांची मर्यादा घातली. खेळ कमी, पण भरवशाचे, हे त्यामागील सूत्र होते. अर्थात हा विश्वास नियंत्रणातून आला आणि त्याची किंमत स्वतंत्र खेळनिर्मात्यांनी मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, खरेदीस प्रवृत्त करणारी गोष्ट यंत्राची मालकी ही नव्हे. मागील खेळाने निर्माण केलेला विश्वास आणि सोबत खेळणारी माणसे यांतून ती प्रेरणा येते. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने गेम पास ही वर्गणी-योजना आणल्यानंतर तर एकही खेळ विकत न घेता शेकडो खेळ खेळणे शक्य झाले. त्यामुळे खरेदी आणि खेळणे यांतील अंतर अधिकच वाढले आहे. प्रतियंत्र खेळसंख्या हिशेबनीसाच्या कामाची आहे. ग्राहकाच्या मनाचा पुरावा म्हणून ती वापरणे गैर आहे. प्रतिविद्यार्थी ग्रंथसंख्या मोजून वाचनसंस्कृतीचा अहवाल लिहिणाऱ्या आपणा प्राध्यापकांना ही गल्लत अपरिचित नसावी.