गणतीत नसलेलं गाव

एमिर कुस्तुरिचाचा 'लाइफ इज अ मिरॅकल' (2004) मी पहिल्यांदा पाहिला तो गाढवासाठी. प्रेमभंग झालेलं हे गाढव रेल्वेच्या रुळांवर उभं राहतं आणि हलायलाच तयार नसतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्ष गेलं ते गावाकडे. हे गाव खरंच आहे का, ते शोधायला बसलो आणि सिनेमा बाजूला राहून गावच डोक्यात बसलं.

पश्चिम सर्बियात मोक्रा गोरा नावाचं खरंखुरं गाव आहे. तिथल्या मेचावनिक टेकडीवर कुस्तुरिचानं सिनेमासाठी लाकडी घरांची वस्ती उभारली. तिचं नाव द्र्वेनग्राद, म्हणजे लाकडी शहर. शूटिंग संपलं, वस्ती राहिली. 2005 मध्ये तिला वास्तुकलेचा युरोपीय पुरस्कार मिळाला. 2008 पासून तिथे चित्रपट महोत्सव भरतो. रस्त्यांना नावं आहेत टेस्ला, फेलिनी, बर्गमन आणि माराडोना यांची.

गाव देखणं आहे, पण फार निवडून घेतलेलं आहे. आमच्या धंद्यात डेमोसाठी ठेवलेला डेटा असाच स्वच्छ असतो. खऱ्या गावात नको असलेले शेजारी असतात, भांडणं असतात आणि सोडून गेलेल्यांची बंद घरं असतात. कोसोवो वगळता सर्बियाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 71.9 लाख होती. 2022 मध्ये ती 66.5 लाखांवर आली. गावंच्या गावं म्हातारी होतायत. अशा काळात पर्यटक आणणाऱ्या वस्तीला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. सिनेमातला इंजिनियर लुका रेल्वेमार्गासाठी झटतो आणि युद्ध त्याचं स्वप्न मोडतं. प्रत्यक्षात 1974 मध्ये बंद पडलेली इथली नॅरोगेज गाडी पर्यटकांसाठी पुन्हा धावू लागली.

माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमा घडतो 1992 मध्ये, सरहद्दीपलीकडच्या बोस्नियात. लुका सर्ब आहे. त्याच्या कैदेत असलेल्या पोरासाठी अदलाबदल करता यावी म्हणून सबाहा ही मुस्लिम नर्स त्याच्याकडे ओलीस ठेवलेली असते. दोघं प्रेमात पडतात. सबाहा मला आवडली. पण एका समाजाचं सगळं दुःख तिच्या एकटीच्या खांद्यावर आहे आणि तेही प्रेमकथेपुरतं.

आता सरहद्दीलगतच्या विशेग्रादचे आकडे बघा. 1991 च्या जनगणनेत या तालुक्यात सुमारे 21 हजार माणसं होती. त्यातले जवळपास 63 टक्के मुस्लिम होते. 2013 मध्ये लोकसंख्या साडेदहा हजारांच्या आसपास आली आणि त्यांचा वाटा उरला जेमतेम 10 टक्के. दोन गणत्यांच्या मधे 1992 आहे. तेव्हा तिथे लोकांना मारलं गेलं, हाकललं गेलं. त्याबद्दल हेगच्या न्यायाधिकरणानं शिक्षाही सुनावल्या. त्याच विशेग्रादमध्ये कुस्तुरिचानं पुढे आंद्रिचग्राद हे दुसरं गाव उभारलं, या वेळी दगडाचं. 2014 मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

कुस्तुरिचा मूळचा साराजेव्होचा. युद्धात त्याचंही शहर सुटलं. हरवलेल्या शहराच्या बदल्यात गाव बांधावंसं वाटणं मला समजतं. पण हरवलेली माणसं बांधता येत नाहीत, आणि त्यांची जागा भरून काढली की ती जागा रिकामी होती हेसुद्धा दिसेनासं होतं.

सिनेमा मी अजूनही लोकांना सुचवतो. सोबत एवढंच सांगतो, की बघून झाल्यावर विशेग्रादच्या त्या दोन जनगणना शेजारी ठेवून वाचा.