डिशमधला कान आणि माणसाचा कान

आतल्या कानाला ऑक्सिजन कमी पडला तर स्टेरॉइड त्याला वाचवतं का? या विषयावरचे पेपर वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. प्रयोग एका कानावर होतो आणि निष्कर्ष दुसऱ्याच कानाबद्दल काढला जातो.

नेहमीचा प्रयोग बघा. नवजात उंदराचं 'ऑर्गन ऑफ कॉर्टी' डिशमध्ये ठेवायचं, स्टेरॉइड घालायचं, ऑक्सिजन कमी करायचा आणि मेलेल्या केशपेशी मोजायच्या. पद्धतीत खोट नाही. प्रौढ प्राण्याचा हाडात बंद असलेला कॉक्लिआ असा जगवणं फार अवघड. पण या तुकड्यात रक्तप्रवाह नाही. कॉक्लिआतल्या द्रवात सुमारे +८० मिलिव्होल्ट विभव राखणाऱ्या 'स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस'चं कामही नाही. जिवंत प्राण्यात ऑक्सिजन तुटला की हा विभव काही मिनिटांतच कोसळतो. शिवाय नवजात उंदराला अजून ऐकूच येत नसतं!

दुसरा मुद्दा वेळेचा. प्रयोगात औषध आधी किंवा सोबत दिलं, तर ते झालं संरक्षण. रुग्ण येतो तो कान बंद झाल्यावर, कधी काही दिवसांनी. तिथे प्रश्न उपचाराचा असतो.

मग चर्चेत आधार म्हणून १९८० चा विल्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास येतो: अचानक बहिरेपण, स्टेरॉइड गटात ६१ टक्के सुधारले, प्लासिबो गटात ३२ टक्के. अभ्यास डबल-ब्लाइंड होता, हे त्याचं बळ. पण रुग्ण जेमतेम ६७, आणि दोन केंद्रांत स्टेरॉइडही वेगवेगळं. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या १०३ रुग्णांच्या चाचणीत प्रेडनिसोलोन आणि प्लासिबो यांत लक्षणीय फरक दिसला नाही. आणि मुख्य म्हणजे, या रुग्णांत बहिरेपणाचं कारण अज्ञात होतं. ऑक्सिजनचा सिद्धांत तिथे तपासलाच गेला नव्हता.

याचा अर्थ स्टेरॉइड निरुपयोगी, असा घेऊ नका. अचानक ऐकू येईनासं झालं तर ताबडतोब डॉक्टर गाठायचेच. अर्थ एवढाच की पुरावा दोन तुकड्यांत आहे आणि मधला पूल अजून बांधायचा आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी पेपर वाचताना समासात तीन प्रश्न लिहा: कान कोणाचा? औषध कधी दिलं? मोजलं काय, पेशी की ऐकणं? तिन्ही उत्तरं जुळत नसतील, तर तुमच्या संशोधनाची जागा तिथेच असू शकते.